हातांनी केलेला डोंगर

आमच्या कॉलेजात केटी म्हणजे राहिलेला विषय. पुढच्या वर्षाला जायचं, पण मागचं लोढणं गळ्यात घेऊन. हापिसात आल्यावर कळलं की इथे केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. ज्याचं काम उचलून पुण्याला न्यायचं, त्याच्याच शेजारी खुर्ची टाकून त्याच्याकडूनच ते शिकून घ्यायचं. दोन्ही प्रकारच्या केटीत पोटात गोळा सारखाच येतो, एवढं मात्र खरं.

तर २०१६ च्या सप्टेंबरात अशाच एका केटीसाठी मी मेक्सिको सिटीला जाऊन पडलो. क्लायंट कोण ते सांगत नाही. कर्जं आणि हप्ते हा त्यांचा धंदा, एवढं पुरे. मला शिकवायला जे गृहस्थ होते, त्यांना मी मनातल्या मनात काका म्हणायचो. वय अठ्ठावन्न, त्याच कंपनीत तेहतीस वर्षं, सगळी कोबॉलमध्ये. त्यांचं इंग्रजी माझ्या स्पॅनिशपेक्षा बरं होतं, म्हणजे फार बरं नव्हतं. मधल्या फटी आम्ही कागद-पेन्सिलीने आणि कॉफीने भरायचो.

एके दिवशी कोड बघता बघता एक दीड-दोनशे ओळींचा तुकडा आला. डोक्यावर मोठ्या अक्षरांत कॉमेंट : नो तोकार. हात लावू नये. म्हटलं, काका, ही काय भानगड? तर १९ सप्टेंबर १९८५ ला मेक्सिको सिटीत जो महाभयंकर भूकंप झाला, त्यानंतर लिहिलेला तो तुकडा. ज्यांची घरं पडली त्यांचे हप्ते व्याज न लावता पुढे ढकलायचे. काका तेव्हा नवीन होते, चार रात्री जागून त्यांनीच लिहिला होता. मी विचारलं, शेवटचा कधी चालला? म्हणाले, ८६ साली.

मी माझ्या एक्सेलमध्ये त्याच्यासमोर लिहिलं, 'डेड कोड. नवीन सिस्टीममध्ये नको.' काकांनी वाचलं. काही बोलले नाहीत.

त्याच शुक्रवारी संध्याकाळी निघताना त्यांनी विचारलं, उद्या काय करणार? आता काय करणार! दिवाळी नुकतीच झालेली, लक्ष्मीपूजनाला मी खोलीवर एकट्याने खिचडी खाल्लेली. म्हटलं, झोपणार. ते म्हणाले, चोलुलाला जा, माझं गाव आहे ते. गाईडवाली गाडी घे. मी आलो तर तुला दिवसभर माझ्या शाळा दाखवत बसेन.

शनिवारी सकाळी सातला आमची व्हॅन निघाली. दहा-बारा टाळकी. एक जर्मन जोडपं, दोन-तीन कोलंबियन मैत्रिणी, आणि बाकीचे आपले असेच. गाईडबाई पन्नाशीच्या, ठेंगण्या, आणि एका वाक्याचं स्पॅनिश-इंग्रजी दोन्ही एका श्वासात करणाऱ्या. कुठला म्हणून विचारलं. म्हटलं, इंडिया. "आ, इंदू!" मेक्सिकोत भारतातून आलेला प्रत्येक जण 'हिंदू'च (तिथे ह चा उच्चार करत नाहीत). आमच्या टीममध्ये वसईचा एक ख्रिश्चन मुलगा होता, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारा. तोही इंदू. सुरुवातीला तो समजावून सांगायचा. मग सोडून दिलं.

शहराबाहेर पडल्यावर रस्ता चढायला लागतो आणि दोन ज्वालामुखी दिसतात. एक इस्ताक्सिवात्ल, निजलेल्या बाईसारखा. दुसरा पोपोकातेपेत्ल, ५४०० मीटरच्या वर, आणि जिवंत. त्या दिवशीही डोक्यातून बारीक धूर काढत होता, आमच्या जुन्या मॅनेजरसारखा :)

दोनेक तासांनी चोलुलात उतरलो. समोर एक झाडीने भरलेली टेकडी आणि टेकडीवर पिवळंधमक चर्च. पर्वतीच्या पायथ्याशी उभं राहिल्यासारखं वाटलं. म्हटलं, पिरॅमिड कुठाय? गाईडबाई म्हणाल्या, तुम्ही बघताय ना, तोच.

ती टेकडी हीच पिरॅमिड. पायाची एक बाजू साधारण ४०० मीटर. इजिप्तच्या खुफूच्या पिरॅमिडची बाजू २३० मीटर आहे. उंची त्याच्या निम्म्यावर असेल-नसेल, पण आकारमानाने जगातला सगळ्यात मोठा पिरॅमिड हा आहे. आणि तो दगडाचा नव्हे, बहुतांशी उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांचा. नावात्ल भाषेत त्याचं नाव आहे त्लाचिवालतेपेत्ल, म्हणजे हातांनी केलेला डोंगर.

पोटात बोगदे आहेत. हे जुन्या लोकांनी केलेले नाहीत, १९३१ पासून पुरातत्त्ववाल्यांनी खणलेले आहेत. सगळे मिळून आठेक किलोमीटर भरतील, पर्यटकांना तेव्हा त्यातला एक छोटा भाग मिळायचा. अंगाला अंग लागेल एवढी रुंदी, वरती टोकदार कमान, पिवळे दिवे. जर्मन काका पूर्ण वेळ वाकून चालले. मध्येच एका बाजूला भिंत कापून ठेवलीय आणि दिव्याच्या उजेडात पायऱ्या वर वर जाताना दिसतात. ह्या आतल्या पिरॅमिडच्या पायऱ्या. हा डोंगर एकदा बांधलेला नाही. इ. स. पूर्वीच्या शतकांत एक लहान पिरॅमिड झाला. पुढच्यांनी तो पाडला नाही, त्याच्यावरच मोठा चढवला. मग त्याच्यावर आणखी मोठा. असं हजारेक वर्षं चालू होतं. आतला प्रत्येक थर तिथेच, पायऱ्या-रंगांसकट. एका थरावर तर पन्नास मीटरहून लांब चित्र सापडलंय, १९६९ साली. त्यात माणसं रांगेत बसून पुल्के म्हणजे घायपाताची दारू पिताहेत. ते मात्र बघू देत नाहीत.

माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. मी शहाणपणा केला. म्हटलं, म्हणजे आमच्या लीगसी सिस्टीमसारखंच झालं की! जुनं काढायची कोणाची छाती होत नाही, म्हणून वरून लिंपत जायचं. कोलंबियन पोरी हसल्या. गाईडबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, छातीचा प्रश्न नव्हता. आतला डोंगर पवित्र होता, म्हणून तर त्याच्यावर बांधायचं. रिकाम्या जागेवर बांधलं असतं तर त्याला कोण आलं असतं?

मी गप्प बसलो. बोगद्यात गप्प बसणं सोपं असतं.

बाहेर आलो तर पायथ्याशी बाजार. टोपल्यांत लालसर तळलेले नाकतोडे, लिंबू आणि तिखट मारून. चाखले. खारे शेंगदाणे समजून खाल्ले तर काही वाईट नाहीत, फक्त पाय दातात अडकतात. (आईला फोनवर सांगितलं नाही.) आणि सगळीकडे झेंडू! ढीगच्या ढीग. नोव्हेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत इथे गेलेल्या माणसांचा सण असतो. घरोघरी फोटो मांडून झेंडूच्या पाकळ्यांची वाट करतात, म्हणजे गेलेल्याला घर सापडतं. आमचा अख्खा दसरा ज्या फुलावर उभा, ते मुळात ह्या लोकांचं. तिथे त्याला सेंपासूचिल म्हणतात. वास मात्र तोच. दादरच्या फूलबाजारात उभं राहिल्यागत वाटलं आणि उगाच घशाशी आलं. दिवाळीला घरी नव्हतो, दुसरं काय.

मग टेकडी चढून चर्चपाशी. आता मी भारतातून आलेला. एका धर्माच्या जागेवर दुसऱ्याचं बांधकाम दिसलं की आमच्या डोक्यात एक ठरलेली टेप वाजायला लागते. त्यात ऑक्टोबर १५१९ ची हकीकत गाईडबाईंनी तिथेच उभं राहून सांगितली. कोर्तेस इथे पाहुणा म्हणून आला आणि देवळाच्या आवारात जमलेल्या लोकांवर तुटून पडला. दोन तासांत तीन हजारांवर माणसं मेली, हे त्याने स्वतःच राजाला पत्रात कळवलंय. मी विचारलं, मग हे चर्च पाडून खालचं मोकळं करावं असं कोणाला वाटत नाही का?

त्या म्हणाल्या, आधी एक दुरुस्ती. ते देऊळ हे नव्हेच. केत्सालकोआत्लचं ते देऊळ गावात होतं, तिथे आज सान गाब्रिएलचा मठ आहे. हा डोंगर तेव्हाच गवताखाली गेलेला होता. वर एका पावसाच्या देवतेचं छोटं ठाणं होतं, तिच्या नावाचा अर्थच 'नऊ पाऊस'. नंतर त्या जागी मेरीमाता आली. "आणि माझी आजी," त्या म्हणाल्या, "पाऊस लांबला की इथे मेरीकडे यायची. पाऊसच मागायला." एवढं बोलून त्यांनी घड्याळ बघितलं आणि पंधरा मिनिटं फोटोसाठी, असं जाहीर करून टाकलं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर हे झालं की नाही, ते मला तेव्हा कळलं नाही. आजही वाद घालायचा तर घालता येईल, कारण मेलेली तीन हजार माणसं काही आजीच्या पावसाने परत येत नाहीत. पण टेप थांबली हे खरं.

जवळच तोनान्त्सिन्त्ला नावाचं खेडं आहे. तोनान्त्सिन म्हणजे 'आमची माय'. तिथल्या छोट्या चर्चमध्ये शिरलो आणि मान वर करून उभाच राहिलो. छताची एक बोटभर जागा सोडलेली नाही. सोनेरी, लाल, निळ्या चुन्याच्या कामात देवदूत लगडलेत, आणि त्यांचे चेहरे इथल्या पोरांचे. काळेसावळे, डोक्याला पिसांचे तुरे. मधूनमधून मक्याची कणसं आणि फळांच्या राशी. काम सांगणारे पाद्री होते, करणारे हात गावातले. वरून आलेलं स्पेसिफिकेशन पूर्ण पाळलंय, आणि आपलं सगळं आत घालून ठेवलंय. आत फोटो काढू देत नाहीत. बरंच आहे.

दुपारी पुएब्ला. १५३१ साली स्पॅनिशांनी आखून बांधलेलं शहर, सरळ रेषेत रस्ते, भिंतींवर तालावेराच्या निळ्या-पांढऱ्या फरश्या. भव्य कॅथेड्रल आहे, सोन्याने मढवलेलं रोसारिओचं चॅपेल आहे. भूक लागली होती, भराभर बघितलं.

जेवायला मोले. हे जरा सविस्तर सांगायला हवं. सुक्या मिरच्या भाजायच्या, तीळ, शेंगदाणे, दालचिनी, लवंग भाजायची, शिळी पोळी तळून घालायची (त्यांची, मक्याची), थोडं कडू चॉकलेट, आणि सगळं वाटायचं. वाटायला जुन्या घरांत पाटा-वरवंटाच, तीन पायांचा. म्हणजे हे आपलं वाटणच की! पहिला घास घेतला आणि मालवणी मसाल्यात कोणीतरी गंमत म्हणून कोको टाकलाय असं वाटलं. मिरची, शेंगदाणे, टोमॅटो, पेरू, सीताफळ, हे सगळं आपल्याकडे ह्या बाजूच्या जगातून पोर्तुगीजांच्या मागोमाग आलं. लवंग-दालचिनी उलटी इकडे आली, मनिलाच्या जहाजांतून.

आणि त्याच जहाजांतून एक मुलगीही आली होती. जेवण झाल्यावर गाईडबाई मला म्हणाल्या, चला, तुमच्याकडची एक बाई दाखवते. येशूसंघीयांच्या कोंपान्यिया चर्चमध्ये घेऊन गेल्या. इथे कातारिना दे सान हुआन पुरलेली आहे. मूळ नाव मिर्रा. भारताच्या किनाऱ्यावरून पोर्तुगीज चाच्यांनी पळवलेली, कोचीत बाप्तिस्मा झाला, मनिलात विकली गेली, तिथून आकापुल्को आणि १६२१ च्या सुमारास पुएब्ला. गुलाम म्हणून आली आणि १६८८ साली मेली तेव्हा गाव तिला संत मानत होतं. तिचं चरित्र तिच्या पाद्र्याने लिहिलं, त्यावर पुढे इन्क्विझिशनने बंदी घातली. लोक तिला म्हणत 'ला चीना', कारण पूर्वेकडून आलेलं सगळंच चीनचं. साठ-सत्तर वर्षं इथे राहून तिला स्पॅनिश शेवटपर्यंत धड आलं नाही म्हणे. मी दोन मिनिटं उभा राहिलो. मराठीत काहीतरी बोलावंसं वाटलं, पण तिला मराठी तरी कुठून येणार!

परतीच्या ट्रॅफिकमध्ये तीन तास गेले. खोलीवर येऊन लॅपटॉप उघडला. ते एक्सेल समोर होतं. 'डेड कोड' वाली ओळ बघितली, आणि शीट होतं तसं बंद केलं. प्रोजेक्ट फिक्स्ड प्राईस होतं.

सोमवारी काकांना पुएब्लाची रताळ्याची मिठाई दिली. त्यांनी फक्त विचारलं, वर चढलास ना? म्हटलं, हो.

२०१७ च्या मार्चमध्ये काकांना घरी पाठवलं. जुलैत आमची नवीन सिस्टीम लाईव्ह झाली, पुण्यात केक कापला. १९ सप्टेंबर २०१७ ला, ८५ च्या भूकंपाच्या बरोबर त्याच तारखेला, दुपारी सव्वाच्या सुमारास पुन्हा भूकंप झाला, ७.१ चा. केंद्र पुएब्ला राज्यातच. सकाळी अकराला त्याच दिवसाची वार्षिक भूकंप-कवायत होऊन गेली होती. दुसऱ्या दिवशी क्लायंटचा मेल आला : ज्यांची घरं पडली त्यांचे हप्ते पुढे ढकलायचेत, सिस्टीममध्ये सोय कुठे आहे?

मी आधी काकांना मेसेज केला. घरचे कसे आहात, एवढंच. उत्तर आलं की एक भिंत गेली, माणसं ठीक आहेत. डोंगरावरच्या चर्चच्या मनोऱ्यांचे घुमट मोडलेत. मग थोड्या वेळाने आणखी एक ओळ : तो तुकडा ठेवलात ना?

दोन रात्री मी उत्तर दिलं नाही. जुन्या बॅकअपमधून 'नो तोकार' काढून, समोर ठेवून, तो नव्याने लिहीत होतो. तिसऱ्या दिवशी चालला तेव्हा त्यांना लिहिलं, हो, आहे.