ताईंनी घालून दिलेली ओळ

पोटापाण्याचं सी++ मी कॉलेजात शिकलो, पण सॉफ्टवेअर बिल्ड करायला शिकवलं ते पुण्यातल्या पहिल्या नोकरीतल्या ताईंनी. कोडला हात लावायच्या आधी त्या सीमेक या बिल्डच्या साधनाची फाइल उघडायला लावत. वर किमान आवृत्तीची ओळ, तिच्या लगेच खाली प्रोजेक्ट कमांड. हा क्रम त्यांच्याकडे मोडत नसे.

"नाव दे, आवृत्ती दे, भाषा सांग," म्हणायच्या. मग भाषा मुद्दाम खोडून बिल्ड चालवायच्या आणि स्क्रीनवर बोट ठेवायच्या. सी आणि सी++, दोन्ही कंपायलरांची तपासणी सुरू झालेली असे. "आपल्याला सी लागतंय कुठे?" कंपायलरचा शोध याच ओळीपाशी लागतो आणि आपण गप्प राहिलो तर दोन्ही भाषा गृहीत धरल्या जातात, हे तेव्हाच डोक्यात पक्कं बसलं. ओळच गाळली तर सीमेक कुरकुरतं आणि प्रोजेक्टचं नाव 'प्रोजेक्ट' असं ठेवून मोकळं होतं. "बारशाला आत्या आली नाही म्हणून बाळाचं नाव बाळच," ताई हसायच्या.

त्यांची खरी देणगी पुढची. आपलं प्रोजेक्ट उद्या कोणी स्वतःच्या प्रोजेक्टात उपफोल्डर म्हणून घेणार, हे त्या धरूनच चालत. तसं झालं की 'सीमेक_सोर्स_डिर' त्या परक्या घराचा पत्ता सांगतं. 'प्रोजेक्ट_सोर्स_डिर' मात्र आपल्या प्रोजेक्ट ओळीला धरून आपलाच पत्ता देतं. म्हणून आमच्या फाइलींत दुसरंच वापरायचं, हा दंडक. ज्याला आपण कधी भेटणार नाही त्याची एवढी काळजी करणारी माणसं आमच्या धंद्यात थोडी.

तसं पाहिलं तर सीमेकसुद्धा अनोळखी लोकांचंच देणं. वैद्यकीय प्रतिमांसाठीच्या आयटीके लायब्ररीला विंडोज आणि युनिक्स दोन्हीकडे चालेल अशी बिल्ड व्यवस्था हवी होती. त्यातून २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या किटवेअर कंपनीत बिल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते घडवलं. आयटीकेला पैसा तिथल्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनचा, म्हणजे सरकारी. आम्ही आजतागायत फुकट वापरतो.

ताईंचे आभार मानायला गेलो की त्या विषय बदलतात. तेव्हा तुम्हालाच सांगतो: तुमच्या प्रोजेक्ट ओळीत भाषा लिहिलेल्या नसतील तर आजच लिहा.