गोणपाट आणि शिलाई

हातकामातून निषेध करायचा तर कापडावर काय भरायचं, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ते कोण, कुणासोबत बसून आणि किती मजुरीवर शिवतंय, हे आधी पाहावं. चिलीतल्या आर्पियेरा, म्हणजे गोणपाटावर शिवलेली चित्रं, पाहिल्या की हे पटतं. ११ सप्टेंबर १९७३ रोजी तिथे जनरल पिनोशेने सत्ता बळकावली, त्यानंतर उचलून नेलेल्या अनेकांचा पत्ताच लागला नाही. कमावता माणूस गेलेल्या बायका सांतियागोत चर्चच्या आश्रयाने एकत्र बसून गोणपाटावर चिंध्यांची चित्रं शिवू लागल्या. १९७६पासून ‘विकारिया दे ला सोलिदारिदाद’ ही चर्चची संस्था ती विकत घेऊन परदेशी पाठवू लागली. गोधडी शिवणाऱ्या हाताला ही कारागिरी परकी वाटणार नाही: ठिगळाला काजटाक्याने बांधलेली कड, वर अँडीजचे डोंगर, खाली घरं. माणसं मात्र सपाट नाहीत. बोटभर बाहुल्या, अंगावर शिवलेले कपडे, आणि कधी त्यांत बेपत्ता माणसाच्याच सदऱ्याचा तुकडा. काहींच्या पाठीमागच्या खिशात हाताने लिहिलेली चिठ्ठी असे.

इतक्या गोजिऱ्या रंगांत छळ दाखवला तर तो सौम्य होतो, असं कुणी म्हणेल. पण रंग निवडायला दुकान कुठे होतं? हाती आली ती चिंधी. शिवाय ‘बायकांचं काम’ म्हणून कानाडोळा झाला, तोवर ही चित्रं सीमेपार गेली. पुढे सरकारधार्जिण्या वृत्तपत्रांनी देशाच्या बदनामीची ओरड केली, तीही काही उगाच नव्हे. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे: परदेशी गिऱ्हाईक दुःख विकत घेतं आणि भिंतीवर लावतं. घेणाऱ्याच्या मनाची हमी मी देणार नाही. पण त्या पैशावर चूल पेटली, आणि दर आठवड्याला एका मेजाभोवती बसण्याचं निमित्त मिळालं. बेपत्ता माणसाची चौकशी करायला आलेल्या एकट्या बाईला कचेरीतून हाकलणं सोपं होतं, जथ्याला कठीण. राजवट १९८८च्या सार्वमतात हरली, टाक्यांनी नव्हे, हे कबूल. पण तोवर तोंड बंद न ठेवणारी माणसं टिकवायला हवी होती.

आज घोषणा छापलेलं भरतकामाचं किट मिळतं. घरी एकटीने भरा, फोटो टाका. टाके सुबक येतीलही. मला मात्र ते कापड कातरणाऱ्या कारखान्यातल्या बाईला दिवसाचे किती मिळतात, हे आधी विचारायचंय.