सहा वेळा पन्नास

माणूस दवाखान्यात दाखल झाला की आपण पहिली चौकशी डॉक्टरांची करतो. डॉक्टर कोण, हाताला यश आहे का, शिकले कुठे. ऑपरेशन उरकले की देवापुढे नारळ ठेवतो आणि मनाने मोकळे होतो. त्यानंतर खाटेपाशी रात्रंदिवस कोण फिरते, काय बघते, काय टिपून ठेवते, तिकडे आपले ध्यान नसते. माझेही नव्हते. बांधाबांधावर जाऊन "निरीक्षण करा, नोंद ठेवा" असे शेतकऱ्यांना सांगण्यात माझी उमर गेली. पण निरीक्षण कशाला म्हणतात ते मला २०२३ च्या फेब्रुवारीत, एका रात्री, माझ्या मुलीच्या वयाच्या एका सिस्टरने शिकवले. त्यात माझी मान खाली गेली. तरी ती हकीकत सांगतो, कारण अशी रात्र कुणाच्याही घरावर येते.

आमचे दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठे. वडील लवकर गेले. राहुरीला माझी बी. एस्सी. ॲग्री झाली ती दादांच्या घामावर. त्यांना जांघेत अंतर्गळ, म्हणजे हर्निया, कित्येक वर्षांचा. खोकले की गाठ वर यायची, आडवे झाले की आत जायची. लंगोट आवळायचा आणि कामाला लागायचे. "ही सुगी होऊ दे, मग बघू" या बोलीवर दहा सुग्या गेल्या. त्या फेब्रुवारीत हरभऱ्याची पोती ट्रॉलीत चढवताना गाठ बाहेर आली ती परत गेलीच नाही. दादांनी दिवसभर कुणाला सांगितले नाही. संध्याकाळी ओकाऱ्या लागल्या, पोट फुगले, वारा सरेना, तेव्हा वहिनींनी मला फोन केला. १०८ ची गाडी आली आणि मध्यरात्री आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचलो. आतड्याचा वीतभर भाग काळा पडला होता. तो कापून टोके जोडावी लागली.

जाता जाता एवढे सांगून ठेवतो. अंतर्गळाची गाठ आत जाईना, दुखू लागली आणि ओकारी आली, तर सकाळची वाट पाहू नका आणि हाताने रेटून ती आत ढकलू नका. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते काही तासांत मरते.

दादांना वॉर्डात आणले तेव्हा सिस्टरांनी काय केले ते मी खुर्चीत बसून पाहत होतो. आधी त्या नुसत्या उभ्या राहिल्या. चेहऱ्याचा रंग, ओठ, छातीची हालचाल बघितली. मग नाव विचारले. माणूस शुद्धीवर कितपत आहे ते उत्तरावरून कळते. नाडी धरली ती पुरे मिनिटभर, घड्याळाकडे बघत. नंतरही मनगट सोडले नाही. मला वाटले, मोजण्यात चुकल्या असतील. पुढे त्यांनीच सांगितले, "काका, नाडी मोजून झाली होती. मी श्वास मोजत होते. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं की तो वेगळाच श्वास घेतो." मिनिटाला बारा ते वीस श्वास हे मोठ्या माणसाचे ठीक प्रमाण. पट्टी ओली आहे का ते पाहताना त्यांनी हात पाठीखालीही घातला, कारण रक्त वाहून खाली साचले तर वरून दिसत नाही. नाकातली नळी, लघवीची नळी, सलाइनची सुई, सगळे टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपले. तीन-चार मिनिटांत हे सारे झाले.

दादा म्हणजे जुन्या घडणीचा माणूस. डॉक्टर राऊंडला आले, "दुखतंय का?" म्हणाले. दादा म्हणाले, "न्हाई, बरं हाय." डॉक्टर पुढे गेले. सिस्टर मागे थांबल्या. "बाबा, जरा खोकून दाखवा." दादांनी तोंड उघडले, पण खोकला काही निघेना, डोळ्यांत पाणी आले. "शून्य म्हणजे दुखत नाही आणि दहा म्हणजे सोसवत नाही. किती?" बराच वेळ गप्प राहून दादा म्हणाले, "आठ आसंल." तेव्हा कुठे दुखण्याचे इंजेक्शन मिळाले. मी बाजूला येऊन म्हटले, सोसतात तर सोसू द्या, कशाला औषध वाढवायचे? सिस्टर म्हणाल्या, "दुखतं म्हणून खोकणार नाहीत, खोकले नाहीत तर छातीत कफ धरेल, मग न्यूमोनिया. टाके नीट राहतील आणि माणूस छातीनं जाईल." दुसऱ्या दिवशी वहिनींनी आणलेल्या गोधडीची घडी त्यांनी दादांच्या पोटावर ठेवली, दोन्ही हातांनी दाबून धरायला लावली आणि खोकायला सांगितले. कफ सुटला. तीन रंगीत गोळ्यांचे एक प्लॅस्टिकचे यंत्र असते, श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या. दादांची पहिल्या दिवशी एकच गोळी हलली.

आता त्या रात्रीचे.

ऑपरेशननंतरची ती दुसरी रात्र. वॉर्डात चाळीसच्या वर रुग्ण आणि रात्रपाळीला त्या एकट्या सिस्टर; मदतीला एक मावशी. दहा वाजता त्यांनी दादांची लघवीची पिशवी रिकामी केली आणि माझ्या हाती एक कागद दिला. "काका, तुम्ही शिकलेले आहात. दर तासाला पिशवीवरच्या खुणेवरून किती आली ते लिहा. नाकातल्या नळीच्या बाटलीत हिरवं पाणी येतंय, ती भरली तर मापून ओता आणि तेही लिहा." मी मान डोलावली. अकराला पाहिले, पिशवीत थोडे होते. चष्मा खिशात, उजेड कमी. अंदाजाने ५० लिहिले. बाटली भरत आली होती, ती मोरीत ओतून आलो. मापायचे राहिले. बाराला सिस्टर आल्या, ताप पाहिला, माझ्या कागदावर नजर टाकली. ५०, ५०. "ठीक आहे," म्हणाल्या आणि शेजारच्या खाटेवर नवा अपघाताचा रुग्ण आला होता तिकडे धावल्या. मग मला डुलकी लागली. साडेतीनला जाग आली तेव्हा तीन रकाने रिकामे. मी ते भरले. ५०, ५०, ५०. चारचा रकानाही त्यातच भरून टाकला. चारला मी जागा असेन की नाही, कोणास ठाऊक!

वाचकहो, हे करताना माझा हात कापला नाही, कारण हाताला सवय होती. किती वेळा गाडीवरून न उतरता मी वहीत 'पीक परिस्थिती समाधानकारक' असे लिहिले असेल! हरभऱ्यात घाटेअळी एका मीटर ओळीत एक-दोन दिसली की फवारणीचा विचार करायचा, हे मी सभेत सांगतो. ओळीत वाकून अळ्या मोजायला मात्र सगळ्याच शेतांत वाकलेलो नाही.

चारला सिस्टर आल्या. कागद वाचला. खाली वाकून पिशवी उजेडाकडे धरली. पुन्हा कागद वाचला. कागदावर बेरीज ३००, पिशवीत जेमतेम ८० मिली, तीही कडक चहाच्या रंगाची. मला एक शब्द न बोलता त्यांनी आधी नळी पाहिली, मांडीखाली दबली आहे का, पीळ पडला आहे का. नव्हता. ओटीपोट दाबून पाहिले. मूत्राशय भरलेले नव्हते. म्हणजे लघवी अडली नव्हती, तयारच होत नव्हती. मग नाडी: ११६. श्वास: २८. दादांचे हात गार. जीभ कोरडी. बीपी १०८/७०. ते ऐकून मी म्हणालो, "बीपी तर बरं आहे ना?"

"बीपी सगळ्यात शेवटी पडतं, काका. ते पडेपर्यंत वेळ गेलेली असते."

हे वाक्य मला चांगले समजायला हवे होते. पाण्याचा ताण पडला की मूळ आधी उपाशी राहते, वाढ आधी थांबते आणि पान माना टाकते ते नंतर. पान सुकलेले पाहून पाणी दिले तर उत्पन्न आधीच गेलेले असते, हे मी शेकडो शेतकऱ्यांना सांगितले आहे.

"बाटली किती वेळा ओतली?" त्यांनी विचारले. "दोनदा." "किती होतं?" मी गप्प. "आणि हे पन्नास बघून लिहिलेत की अंदाजानं?" मी खरे सांगितले. दादा डोळे मिटून पडले होते. ऐकत होते की नाही, ठाऊक नाही.

पुढचे भराभर झाले. डॉक्टरांना फोन गेला आणि ते आलेही. पोटातून नळीवाटे आणि फुगलेल्या आतड्यात जेवढे पाणी गेले होते, तेवढे सलाइनने भरून निघालेच नव्हते. कारण किती गेले तेच कागदावर नव्हते. दादांचे वजन अठ्ठावन्न किलो. किलोमागे तासाला अर्धा मिली, म्हणजे तासाला तीसेक मिली लघवी तरी हवी. येत होती तेरा-चौदा. अशीच स्थिती आणखी राहिली असती तर मूत्रपिंडे बंद पडू लागली असती. सलाइन वेगाने सोडले, रक्त तपासायला गेले. सिस्टर दर पंधरा मिनिटांनी छाती ऐकून जात होत्या, कारण पाणी जास्त झाले तर ते फुप्फुसात साचते. सहा वाजता पिशवीत तासाची ४० मिली होती, रंग जरा उतरला होता. त्या ४० मिलीकडे मी ज्या डोळ्यांनी पाहिले, तसे पहिल्या पावसाकडेही कधी पाहिले नव्हते. रक्तातले क्रिएटिनिन वाढलेले निघाले, ते चौथ्या दिवशी उतरले.

सकाळी पाळी संपताना मी त्यांची माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. "चूक माझीपण आहे. बाराला कागद बघितला, पिशवी बघायला हवी होती." मग हसून म्हणाल्या, "माझे बाबा यवतमाळकडे कापूस करतात. गुलाबी बोंडअळीचे सापळे लावलेत. सापळ्यात दिवसाला आठ पतंग, असे सलग तीन दिवस आले की फवारा, असं साहेबांनी सांगितलंय. पण बाबा म्हणतात, साहेब स्वतः गाडीवरूनच मोजतात." मी कृषी खात्यात आहे हे मी त्यांना सांगितले नव्हते. दादांनी सांगितले होते, अभिमानाने.

माझा तो कागद त्यांनी फाडला नाही. माझ्या सहा आकड्यांवर एकेक सरळ रेघ ओढली, बाजूला 'चुकीची नोंद' लिहून वेळ आणि सही केली. दवाखान्यातली नोंद खोडून काळी करायची नसते, खालचे वाचता आले पाहिजे. आमच्या खात्यात व्हाइटनर चालतो.

पुढले दिवस मी सरळ मापाचा मग हातात धरला. दर दोन तासांनी कूस बदलायची. माकडहाडापाशी लाली दिसली तर बोटाने दाबून पाहायचे. बोट काढल्यावर ती पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक, लालच राहिली तर जखमेची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली कळत नाही, तिथे हाताला ऊब किंवा टणकपणा लागतो का ते बघायचे. उठवतानाही एकदम उभे नाही करायचे. पाय खाटेखाली सोडून थोडा वेळ बसवायचे, चक्कर नाही ना विचारायचे, मग उभे. सिस्टर रोज भर वॉर्डात विचारायच्या, "बाबा, गॅस सरला का?" दादा लाजून भिंतीकडे तोंड करायचे. चौथ्या दिवशी त्यांनी आपणहून हाक मारून सांगितले तेव्हा शेजारच्या पाच खाटा हसल्या. आतडे जागे झाले होते. वहिनींनी डब्यात शेंगदाण्याचे लाडू लपवून आणले होते ते मी परत पाठवले. आधी घोट घोट पाणी, मग पेज.

गावाकडून भेटायला माणसे यायची, एकदा तर जीप भरून चौदा. खाटेवर बसायची, पट्टीला हात लावून "टाकं किती?" विचारायची. त्यांना बाहेर काढण्याचे वाईटपण मी घेतले. एकाने हळदीची पुडीही आणली होती जखमेवर भरायला.

घरी आल्यावर कुतूहलाने फ्लॉरेन्स नाइटिंगेलबद्दल वाचले. दिवा घेऊन फिरणारी बाई एवढेच मला ठाऊक होते. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे तिने आकडे मांडून सरकारला दाखवले. १८५९ सालच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या पुस्तकात तिने निरीक्षणावर स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. आणि ही बाई कधी हिंदुस्थानात आली नाही, तरी १८७४ साली तिने इथल्या लोकांच्या जगण्यामरण्यावर लिहिताना कालव्याच्या पाण्याचा प्रश्न मांडला. आमच्या अभ्यासक्रमात तिचे नाव नव्हते.

टाके काढायला बाराव्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. दादांनी नव्या हरभऱ्याची पाच किलोची पिशवी बरोबर घेतली होती. सिस्टरांची रात्रपाळी होती, त्या घरी झोपलेल्या. परिसेविका बाईंकडे पिशवी दिली. त्या म्हणाल्या, "चिठ्ठी लिहून ठेवा, कुणाची ते कळेल." मी लिहिले, 'हरभरा, पाच किलो.' दादा शेजारी उभे होते. म्हणाले, "बापू, वजन करून लिवलंस का?"