ऐकण्यासारखे, पाहण्यासारखे

विसाव्या शतकाच्या मध्याला जन्मलेल्या शहरी मराठी माणसाचे बरेचसे शिक्षण वर्गाबाहेर, कानांवरून झाले. घरात आकाशवाणी, गावात व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला तेव्हा शंभरीकडे झुकली होती. वडिलांबरोबर गेलेल्या पोरांना विषय कळो न कळो, मध्येच उठायचे नसते एवढे वळण लागले.

अर्थकारण ऐकायला मात्र मुंबईच. नानी पालखीवाला १९५८ पासून दरवर्षी अंदाजपत्रकावर बोलत. हॉटेलच्या सभागृहात सुरू झालेले हे भाषण गर्दीपायी अखेर ब्रेबॉर्न स्टेडियमवर न्यावे लागले. हातात कागद नाही. कराचे दर, तूट, मागच्या वर्षांचे आकडे, सगळे तोंडपाठ. ते तटस्थ नव्हते. मुक्त अर्थव्यवस्थेची बाजू ते उघडपणे लढवत, त्यामुळे समाजवादी श्रोत्यालाही घरी जाताना भांडायला भरपूर सामग्री मिळे. (कररचनेवर स्टेडियम भरते, हे आज सांगूनही खरे वाटणार नाही.)

मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये आले. वाहिनी एकच, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. ‘आमची माती आमची माणसं’ लागले की शेती नसलेलेही खतांची माहिती ऐकत बसत. ‘प्रतिभा आणि प्रतिमा’मुळे लेखक-कलावंतांचे चेहरे घरोघरी पोहोचले. श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’ने १९८८ पासून ५३ भागांत इतिहास उलगडला. ‘टर्निंग पॉइंट’मध्ये यशपाल प्रेक्षकांच्या शंकांना उत्तरे देत. वैश्विक किरणांवर संशोधन केलेला हा शास्त्रज्ञ साध्यासुध्या प्रश्नातही खरोखर रमे. विज्ञानाचे इतके निगर्वी कार्यक्रम नंतर क्वचितच झाले.

हीच पिढी आता फोनवर ऐकते. काही हुकण्याची धास्ती गेली, पण निवडायचे काय हा पेच आला. यूट्यूब मागच्या आवडीवरून पुढचे सुचवते. खतांची माहिती अशा हिशेबात सहसा बसत नाही. म्हणून राजकारणासाठी एक नाव मुद्दाम सांगायला हवे: बेनेगलांचीच दहा भागांची ‘संविधान’, २०१४ मधली. घटना समितीतल्या चर्चांवर ती बेतलेली आहे आणि आंबेडकरांच्या भूमिकेत सचिन खेडेकर आहेत. वेग वाढवून मात्र पाहू नये. युक्तिवाद कलमाकलमाने पुढे सरकतो आणि एखादे वाक्य निसटले की पुढचा आक्षेप कशावर होता तेच कळत नाही.