मलकपेठेतला गुलाबी शरद

हैदराबादचा पाऊस गणपतीबाप्पाबरोबर जात नाही. तो रेंगाळतो, ऑक्टोबरातल्या एखाद्या संध्याकाळी असा कोसळतो की मुसीकाठच्या वस्त्यांच्या पोटात गोळा येतो. दुसऱ्या दिवशी मात्र आभाळ लख्ख निळे. मग मलकपेठेत जिथे जिथे वीतभर माती उरली आहे, तिथे गुलाबी रंग दिसू लागतो.

मलकपेठ म्हटले की बाहेरच्यांना रेसकोर्स आठवते, टीव्ही टॉवर आठवतो, आता मेट्रो. बागा कुणाला आठवत नाहीत. वास्तविक शेजारच्या मूसारामबागेच्या नावातच बाग आहे. निजामाच्या पदरी असलेला फ्रेंच सेनानी रेमंड १७९८ साली वारला. त्याची समाधी जवळच अस्मानगडच्या टेकडीवर आहे. लोकांनी रेमंडचा ‘मूसाराम’ केला आणि त्याच्या नावाने बाग ओळखली जाऊ लागली. बाग गेली, नाव राहिले. ही गोष्ट मी सहज सांगत नाही, पुढे कळेलच.

आमच्या घराच्या मागच्या अंगणात, सासऱ्यांनी लावलेला देवकांचन आहे. नवरात्राच्या सुमारास तो फुलतो. फुले गुलाबी-जांभळी, पाकळ्या लांबट, एकमेकींपासून जरा सुट्या, वास अगदी हलका. कांचनाचे दोन भाऊ लोक नेहमी गोंधळात टाकतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गळल्यावर फुलतो तो दुसरा, रुंद पाकळ्यांचा. आमचा शरदात, अंगावर हिरवी पाने असतानाच फुलतो. मुलांनो, खूण हवी असेल तर पुंकेसर मोजा: देवकांचनाचे पूर्ण वाढलेले पुंकेसर बहुधा तीन, वसंतातल्याचे पाच. या दोघांच्या संकरातून झालेल्या झाडाचे फूल हाँगकाँगच्या झेंड्यावर आहे. हे कळल्यापासून आमच्या नातवाचा झाडाबद्दलचा आदर एकदम वाढला!

पान पाहिलेत तर ओळखीचे वाटेल. मधोमध दुभंगलेले, थेट आपट्यासारखे, कारण आपटा याच कुळातला. दसऱ्याला सासूबाई आपट्याचे सोने वाटायच्या, तर समोरच्या अम्मा जम्मीची, म्हणजे आपल्या शमीची पाने घेऊन यायच्या. त्याही त्याला सोनेच म्हणायच्या, ‘बंगारम’. दोन्ही सोनी आमच्या देव्हाऱ्यात शेजारी शेजारी ठेवली जात. अजूनही जातात.

कुंपणावर आइसक्रीमची वेल आहे. तिचे गुलाबी झुबके मधमाश्यांनी भरलेले असतात. मूळची मेक्सिकोची, पण इथे अशी माजली आहे की दर वर्षी छाटावी लागते. तिच्याबद्दल एवढे पुरे.

खरी गंमत कुरडूची. गावाकडे खरिपात उगवणारे हे तण; कोवळ्या पानांची भाजी आपण खातो, आणि गुलाबी-रुपेरी तुरे आले की शेतकरी उपटून फेकतो. तेलुगूत त्याला गुनुगु म्हणतात, आणि तेलंगणात त्यावाचून बतुकम्मा नाही. सर्वपित्री अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत नऊ दिवस तंगेडूची पिवळी फुले, झेंडू आणि गुनुगु यांचे थरावर थर रचतात. गुनुगुचे तुरे कुणी तसेच लावतात, कुणी राणी रंगात बुडवून. मग बायका फेर धरून टाळ्या वाजवत गातात आणि शेवटी फुले पाण्यात सोडतात. आपल्या भोंडल्याच्या मुलीला हे परके कसे वाटेल? आमच्या गल्लीत मी मधे हत्तीचे चित्र मांडलेला पाट ठेवायचे. शेजारणी म्हणायच्या, ठेवा, पण खिरापत आधी सांगून टाका. खिरापत ओळखण्यातली मजा त्यांना कधी पटली नाही.

पूर्वी गुनुगु जवळपासच्या रिकाम्या जागांतून मुलेच तोडून आणत. आता त्या जागा नाहीत, जुड्या बाजारातून विकत आणतो. मी कुंडीत दोन-चार रोपे येऊ देते. बागकाम करणारा मुलगा दर वेळी विचारतो, “हा कचरा काढू का?” मी म्हणते, “नक्को.” हा हैदराबादी ‘नक्को’ आपल्याच ‘नको’चा भाऊ, त्यामुळे तो लगेच समजतो.

आता पुढच्या वर्षी घर पाडायचे ठरले आहे. भावाभावांचा वाटा आहे, पायऱ्या कुणाला चढवत नाहीत, लिफ्टची इमारत हवी. सगळे खरे आहे आणि माझीही सही त्यावर आहे. पण नकाशात गाडी वळवायची जागा नेमकी कांचनाच्या बुंध्यावर आली आहे. झाड तोडायला परवानगी लागते, ती मिळेल असे बांधकामवाले म्हणतात. मी वळण चार फूट सरकवायला सांगितले आहे. धाकटे दीर माझ्या बाजूने, थोरले जाऊबाई-भावजी अजून गप्प आहेत. दिवाळीनंतर पुन्हा बसायचे आहे.

तोवर फुले गळून चपट्या, हिरव्या शेंगा धरतील. रथसप्तमीच्या आसपास त्या वाळतात आणि उन्हात फटकन तडकून बिया दूर उडवतात, म्हणून थोड्या आधीच तोडून कापडी पिशवीत ठेवायच्या. बी सहज रुजते. यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्रत्येकीला पाच बिया द्यायच्या आहेत. ज्यांच्या दारात जमीन आहे, त्यांनी नक्की या. ज्यांच्या दारात नाही, त्यांनीही या. शाळेच्या नाहीतर सोसायटीच्या कुंपणाशी जागा शोधायला नातवंडांना लावू.