जीर्णोद्धार कीं नवें घर?

गृहस्थाच्या आयुष्यांत कांहीं प्रश्न दिसण्यांत क्षुल्लक असतात. परंतु ते सोडवूं लागलें म्हणजे त्यांच्या पोटांतून दुसरेच मोठे प्रश्न बाहेर पडतात. गळकी माडी शाकारून घ्यावी कीं पाडून नवी बांधावी, भाकड गाय दारीं ठेवावी कीं विकावी, असले प्रश्न आमच्या वडिलांच्या पिढीस पडत. आमच्या वांट्यास त्याच जातीचा एक नवा प्रश्न आला आहे. घरांतील जुन्या संगणकाची ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ बदलावी, कीं आहे तिच्यावरच दिवस काढावे? आमच्या घरीं हा वाद चांगला चार महिने चालला. वाचक म्हणतील, हा विषय मुलांचा. साठी उलटलेल्या निवृत्त शिक्षकाला यांतलें काय कळणार? यंत्र मुलांना अधिक कळतें हें आम्हांस मान्य आहे. परंतु यंत्रांत जें सांठविलें आहे त्याचें मोल ज्यानें तें सांठविलें त्यालाच ठाऊक असतें. आणि आमच्या मतें सारा निर्णय त्या मोलावरच अवलंबून आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहूं. संगणक म्हणजे केवळ धातु, कांच आणि तारा. त्यांस चालविणारी, कळ दाबतांच अक्षर उमटविणारी, लिहिलेला मजकूर कोठें ठेविला तें ध्यानांत बाळगणारी जी मूळ आज्ञावली, तिला आपण येथें कार्यप्रणाली म्हणूं. गीतेंतील प्रसिद्ध दृष्टान्तांत आत्मा जीर्ण वस्त्र टाकून नवें धारण करतो. येथें सारेंच उलटें आहे. वस्त्र जुनेंच ठेवावयाचें आणि आंतला जीव बदलावयाचा! जुन्या देहास हा नवा जीव मानवेल कीं नाहीं, हाच वादाचा विषय.

वादास कारण झालें तें असें. ‘विंडोज १०’ ही कार्यप्रणाली २९ जुलै २०१५ रोजीं निघाली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं तिच्या सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या बंद झाल्या. त्या दिवशीं यंत्रें बंद पडलीं असें नव्हे. रखवालदार व गवंडी दोघेही काढून घेतलेल्या वाड्यासारखी त्यांची स्थिति झाली. वाडा उभा आहे, दिवेही लागतात, पण भिंतीस खिंडार पडलें तर बुजविणारा कोणी नाहीं. नांव नोंदविणाऱ्या घरगुती ग्राहकांसाठीं १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची जादा मुदत त्या वेळीं ठेवण्यांत आली. पुढची प्रणाली ‘विंडोज ११’ ही ५ ऑक्टोबर २०२१ रोजींच आलेली. परंतु तिच्या अटी कडक आहेत. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी सांठा या अटी आमचें यंत्र पुऱ्या करतें. पण त्याखेरीज ‘टीपीएम २.०’ नांवाची, गुप्त किल्ल्या सांभाळणारी सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असल्यास तो, थोडे अपवाद सोडले तर, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा लागतो. आठवी पिढी २०१७ सालीं निघाली. आमचें यंत्र २०१६ सालचें, सहाव्या पिढीचें. म्हणजे गुण बरेच जुळले, पण नाडी आडवी आली!

आतां या यंत्रांत आहे तरी काय? २००४ सालापासून आम्ही आमच्या घराण्याच्या कुलवृत्तान्ताच्या नव्या आवृत्तीसाठीं नोंदी जमवीत आहों. कोण बडोद्यास गेला, कोणाची शाखा इंदुरास स्थिरावली, कोणाचें घर सागरास आहे, दत्तक कोण, निर्वंश कोण, अशा सुमारें अकराशें नोंदी त्यांत आहेत. कित्येक आमच्या वडिलांनीं शेवटच्या आजारांत उशाशीं बसवून सांगितल्या. ज्या वृद्ध आप्तांनीं पत्रें लिहून माहिती कळविली त्यांपैकीं बहुतेक आज हयात नाहींत. आणि तीं मूळ पत्रें ऑगस्ट २०१९ च्या कृष्णेच्या महापुरांत तळघरांतल्या पेटीसकट भिजून लगदा झालीं. संगणक माडीवर होता म्हणून वांचला. तेव्हां कुलाची स्मृति म्हणून जें कांहीं उरलें आहे तें या एका पेटींत आहे.

सल्ला देणारांची वाण नव्हती. चिरंजीव पुण्यास संगणकाच्याच धंद्यांत आहेत. ते म्हणाले, “बाबा, दहा वर्षांचं यंत्र झालं. मी नवा पाठवतों, तो जुना भंगारांत द्या.” शेजारचे बँकेंतून निवृत्त झालेले स्नेही म्हणाले, “गुरुजी, चालतंय तोंवर हात लावूं नका.” दुकानदार म्हणाला, “तपासणीला चकवून अकरा टाकून देतों, कुणाला कळत नाहीं.” नातवानें तिसरीच वाट दाखविली, “आजोबा, लिनक्स टाका. फुकट असतं.” शेवटीं आमच्या गृहिणी म्हणाल्या, “अहो, त्या पेटीचं काय करायचं तें करा. पण मामंजींनीं सांगितलेलं त्यांत आहे. तेवढं आधीं बाहेर काढा.” चार पंडितांच्या वादांत मुद्द्याचें बोलणें हें एकच होतें.

एकेका मताचा विचार करूं. ‘चालतें तोंवर चालूं द्यावें’ हें मत ऐकावयास बरें. पण ज्या यंत्राचा बाहेरच्या जगाशीं तारेनें संबंध आहे त्यास तें लागू पडत नाहीं. १२ मे २०१७ रोजीं ‘वॉनाक्राय’ नांवाचा उपद्रव जगभर पसरला. तो यंत्रांतील सारे कागद कुलुपांत घालून खंडणी मागे. इंग्लंडांतील सरकारी रुग्णालयांस त्या दिवसांत रोग्यांच्या ठरलेल्या भेटी व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. ज्या छिद्रांतून तो शिरला त्याची दुरुस्ती मार्च २०१७ मध्येंच निघालेली होती. ज्यांनीं ती बसविली नव्हती किंवा ज्यांच्या जुन्या प्रणालीस ती मिळालीच नव्हती, ते सांपडले. दुकानदाराची युक्तीही आम्हांस रुचली नाहीं. अटी पुऱ्या न करणाऱ्या यंत्रावर विंडोज ११ बसविल्यास पुढील दुरुस्त्या मिळण्याचा हक्क राहत नाहीं, असें कंपनीनें स्पष्ट लिहून ठेविलें आहे. ज्या दुरुस्त्यांसाठीं प्रणाली बदलावयाची त्यांचाच भरंवसा नसेल, तर हा सारा खटाटोप कशासाठीं? चिरंजीवांचें म्हणणें व्यवहाराचें खरें; पण नवें यंत्र आल्यानें जुन्या नोंदी आपोआप वाचतां येतात असें नाहीं. आमची खरी अडचण तीच होती.

ती अडचण मराठी लिहिणाऱ्या पुष्कळांची आहे, म्हणून विस्तारानें सांगतों. आम्हीं टंकन सुरू केलें त्या काळीं छापखान्यांतून व घरांतून चालणाऱ्या बहुतेक मराठी प्रणालींत मराठी अक्षर असें सांठविलेंच जात नसे. पोटांत रोमन लिपीचे क्रमांक आणि वर फॉण्टाचा मराठी मुखवटा, अशी ती व्यवस्था. प्रत्येक कंपनीचा मुखवटा निराळा. मुखवटा काढला कीं खालीं अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसावयाची. आमची लिपी-प्रणाली तर मागें एक ‘डोंगल’ खोंचल्याखेरीज उघडत नाहीं. आणि तें डोंगल नव्या कार्यप्रणालीस ओळख देत नाहीं. म्हणजे यंत्र बदला किंवा प्रणाली बदला, अकराशें नोंदी डोळ्यांसमोर असून न वाचतां येण्याजोग्या होणार!

यावरून आम्हांस आमच्या घरांतील मोडी कागदांची आठवण झाली. पणजोबांच्या हातचीं दफ्तरें घरांत होतीं. कागद उत्तम, शाई उत्तम, पण मोडी शाळांतून गेली आणि एका पिढीच्या अंतरानें घरांत तीं वाचणारा कोणी उरला नाहीं. कागद नाहीसा झाल्यानेंच मजकूर जातो असें नव्हे. वाचण्याची किल्ली हरवली तरी तो तितकाच जातो.

सुदैवानें यावर उपाय आहे. ‘युनिकोड’ या जागतिक संकेताची पहिली आवृत्ति १९९१ सालीं निघाली आणि तिच्यांतच देवनागरीस स्थान मिळालें. देवनागरीच्या मुख्य विभागांत १२८ घरें आहेत व प्रत्येक वर्णास त्याचा स्वतःचा क्रमांक आहे; ‘क’ चा २३२५. कोणत्याही कंपनीची प्रणाली असो, तो क्रमांक बदलत नाहीं. संस्कृत शिकलेल्यास यांतली एक गोष्ट फार गोड वाटेल. ‘किती’ या शब्दांतील पहिली वेलांटी डोळ्यांस ‘क’च्या अलीकडे दिसते, म्हणून जुन्या फॉण्टांत ती अगोदर टंकावयाची व तशीच सांठावयाची. उच्चारांत मात्र ककार अगोदर, इकार मागाहून. युनिकोडनें हा उच्चाराचाच क्रम स्वीकारला. ‘धर्म’ लिहितांना रफार शेवटीं येतो; युनिकोडांत रेफ मकाराच्या आधीं सांठविला जातो. वर्णांचा क्रम कानानें ठरवावा, डोळ्यानें नव्हे, ही शिक्षाग्रंथांची दृष्टि यंत्रांतही मान्य झाली म्हणावयाची.

जुन्या फॉण्टांतून युनिकोडांत मजकूर उतरवून देणाऱ्या आज्ञावल्या मिळतात. पण हा क्रम उलटवितांना त्या कांहीं ठिकाणीं अडखळतात. आमच्या नोंदींतल्या कित्येक ‘पार्वती’ ‘पावर्ती’ होऊन बाहेर पडल्या. म्हणून जुनी पोथी शोधावी त्या पद्धतीनें आम्हीं काम केलें. जुन्या प्रणालींतून काढलेली छापील प्रत गृहिणींनीं मोठ्यानें वाचावी आणि आम्हीं पडद्यावरचा नवा पाठ दुरुस्त करावा. सात आठवडे लागले. वडिलांच्या सांगण्यांतलें एक नांव लागलें कीं वाचन मध्येंच थांबे. मग चहा होई, आणि पुढची शाखा सुरू होई.

या श्रमांचें सार्थक होतें याचें एक थोर उदाहरण आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताची चिकित्सक आवृत्ति १९१९ ते १९६६ या काळांत सिद्ध केली. जपानांतील क्योटोचे प्राध्यापक मुनेओ तोकुनागा यांनीं तो प्रचंड पाठ संगणकांत उतरविला आणि केंब्रिजचे जॉन स्मिथ यांनीं तो पुढें सुधारून युनिकोडांतही आणला. मधल्या काळांत किती यंत्रें व किती कार्यप्रणाली आल्या आणि गेल्या! पाठ राहिला, कारण तो ज्या संकेतानें उतरविला होता तो उघड व सर्वांस ठाऊक होता.

नोंदी सुरक्षित झाल्यावर मूळ प्रश्नाचें ओझें निम्म्यानें उतरलें. आम्हीं एक प्रत बाह्य डिस्कवर कपाटांत ठेविली, दुसरी चिरंजीवांकडे पुण्यास पाठविली. मग नातवाच्या मताची परीक्षा घेतली. लिनक्सचा गाभा फिनलंडचे लिनस टोरवाल्ड्स यांनीं १९९१ सालीं प्रसिद्ध केला. त्यावर उभ्या असलेल्या प्रणालींपैकीं ‘लिनक्स मिंट’ ही पेन ड्राइव्हवरून, मूळ यंत्रास कांहीं न करतां, चालवून पाहतां येते. चार दिवस तशी पाहिली. इनस्क्रिप्टचा कळफलक तोच, मराठी शुद्ध उमटतें, इंटरनेट चालतें. तेव्हां जुनी हार्ड डिस्क तशीच काढून, चिठ्ठी लावून, डोंगलासह कपाटांत ठेविली. नवी एसएसडी घातली, रॅम ८ जीबी केली आणि तिच्यावर नवी प्रणाली बसविली. खर्च नव्या यंत्राच्या किंमतीच्या मानानें थोडाच आला. छपाईचें यंत्र जुळविण्यास दोन दिवस गेले, आणि ज्यांचें काम विंडोजवरच चालणाऱ्या हिशेबाच्या प्रणालीवर अवलंबून आहे त्यांना ही वाट सोयीची नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. त्यांनीं शक्य असल्यास नवें यंत्रच घ्यावें. आमचें काम लिहिण्यावाचण्याचें. आम्हांस हा जीर्णोद्धार पुरला.

सारांश, ज्यांच्या घरीं हा वाद चालूं असेल त्यांनीं तीन प्रश्न क्रमानें विचारावे. यंत्रांत असें काय आहे कीं जें दुसरीकडे कोठेंही नाहीं? तें दुसऱ्या यंत्रावर वाचतां येतें काय? आणि या यंत्राचा बाहेरच्या जगाशीं संबंध आहे काय? पहिल्या दोहोंचीं उत्तरें मिळेपर्यंत कार्यप्रणालीस हात लावूं नये. तिसऱ्याचें उत्तर ‘होय’ असल्यास फार काळ हात न लावतां राहूंही नये. एक संध्याकाळ मोकळी काढून जुनी एखादी मराठी नोंद दुसऱ्याच्या संगणकावर उघडून पाहावी. अक्षरें उमटलीं तर उत्तमच. रोमन अक्षरांची रांग दिसली तर कामास लागावें, आणि ज्यांनीं तो मजकूर सांगितला वा लिहिला ते घरांत आहेत तोंवर लागावें. पोथी जीर्ण झाली कीं तिची नवी प्रत उतरून घेणें हा आपल्या घरांतील जुना परिपाठ होता. कागद बदलला, लेखणी बदलली. उतरून घेणाराचें काम अद्याप संपलेलें नाहीं.