खोटं बोलणारा मणी

इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली की गावात आपण सर्वज्ञ ठरतो. ब्रँच कुठलीही असो, सुट्टीत घरी गेलं की बंद मिक्सर, कुरकुरणारा पंखा, शेजाऱ्यांचा मोबाईल, सगळं आपल्यापुढे येतं. मागच्या उन्हाळ्यात मंगरूळपीरला माझ्या वाट्याला एसी आला.

आमच्याकडे उन्हाळा काढायचा तो कूलरवर. पण आबांचं हृदयाचं ऑपरेशन झालं, म्हणून त्यांच्या खोलीत एसी बसवला. ऐन मे महिन्यात तो रुसला. पंखा चाले, पण हवा कोमट. बाहेरचा कॉम्प्रेसर सुरूच होईना. रिमोटवर २४, भिंतीवरच्या थर्मामीटरवर ३६! मेकॅनिक काका म्हणाले, "बोर्ड गेला भाऊ, बदला लागते." खर्च ऐकून बाबा गप्प झाले. आबा म्हणाले, "राहू द्या, मले कूलर पुरते." ते ऐकून मला राहवेना. म्हटलं, "काका, बोर्डाच्या आधी सेन्सर मोजून पाहू का?"

मित्रांनो, एसीला स्वतःला गरम-थंड काही कळत नाही. फिल्टरमागे लोंबणारा एक छोटा मणी खोलीची खबर देतो, दुसरा कॉइलची. हे मणी म्हणजे आपल्या लॅबमधला थर्मिस्टर. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. हा गुण फॅरेडेने १८३३ मध्येच सिल्व्हर सल्फाईडमध्ये पाहिला होता.

मेन स्विच बंद करून दोन्ही सेन्सरचे कनेक्टर काढले. आमच्या मॉडेलचे दोन्ही सेन्सर २५ अंशाला १० किलोओहमचे. एसी सकाळपासून बंद, म्हणजे दोन्ही मणी एकाच हवेत; रीडिंग सारखंच यायला हवं. कॉइलचा ६.३ दाखवत होता, ३६ अंशाला बरोबर. खोलीचा मात्र १८! म्हणजे बोर्डाच्या लेखी खोलीत १२ अंशांची थंडी. मग तो कॉम्प्रेसर कशाला लावेल?

गंमत अशी की सेन्सरची वायर तुटली किंवा शॉर्ट झाली, तर बोर्डाला ते कळतं आणि बहुतेक एसी एरर कोड दाखवतात. पण १२ अंश हे पटण्यासारखं खोटं. त्याला कोड नाही. खात्रीसाठी मणी मुठीत धरला. चांगला असता तर आकडा जवळपास स्थिर राहिला असता. हा नुसताच उड्या मारत होता.

काका म्हणाले, "असं असते काय! दाखव बरं पुन्हा." मीटर त्यांच्या हाती दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनीच अकोल्याहून त्याच व्हॅल्यूचा सेन्सर आणला, दीडशे रुपयांत. दुपारी आबा पांघरूण मागत होते.

नवा बोर्ड टाकून जुनाच मणी जोडला असता, तर त्या बोर्डानेही त्याच्यावरच विश्वास ठेवला असता. तेव्हा निर्णय चुकीचा वाटला, की आधी खबर कोण देतो ते तपासा. आणि सुट्टीत घरी जाताना बॅगेत मल्टिमीटर टाका. सर्वज्ञपणा निभवायला तेवढा पुरतो!